तुझी जाहिरात ४१व्या सेकंदाला सुरू होते

तुझी चादरीच्या दुकानाची फिल्म तीनदा बघितली, मग लिहायला बसलो. पहिल्यांदा मोबाईलवर आवाज बंद करून, दुसऱ्यांदा मोबाईलवरच आवाज लावून आणि तिसऱ्यांदा रात्री एडिटच्या मॉनिटरवर. क्रम मुद्दाम सांगतोय, कारण तू ती फक्त तिसऱ्या पद्धतीने बघितलेली दिसते, म्हणजे अंधारात, हेडफोन लावून, आणि दुकानाच्या मालकांची गिऱ्हाइकं बहुतेक पहिल्या पद्धतीने बघणार.

तू लिहिलंस ते थोडक्यात असं, की वय २३, आजवर शॉर्टफिल्म आणि मित्रांची प्रीवेडिंग केली, आता पहिल्यांदाच पैसे घेऊन काम केलंय, आपल्या सोलापुरातल्याच एका चादरीच्या दुकानाची ६० सेकंदांची जाहिरात, १८ हजारात ठरली, ९ मिळालेत, मालकांनी लोगो-पत्ता-नंबरचे काही बदल सांगितलेत, तर कशी झालीय ते तोंडावर सांगा, कॅमेरा आणि कलरबद्दल विशेष सांगा. आणि सगळ्यात खाली, जाता जाता टाकलेली एक ओळ, की मालकांना आवडली पण ते म्हणतात 'अजून कायतरी पायजे'.

कॅमेरा-कलरवर येतोच, पण मला विचारशील तर तुझा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. मालकांना कायतरी खटकतंय आणि त्यांच्याकडं त्याला शब्द नाहीत, म्हणून ते 'अजून' म्हणतायत. तू आता ते 'अजून' शोधत बसशील, एखादा ड्रोन शॉट वाढवशील, म्युझिक बदलशील, आणि ते परत म्हणतील छान झालंय, पण. मी २२ वर्षं हेच काम करतोय, लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात, मग लोकल केबलच्या जाहिराती, मग ट्रॅक्टर शोरूम, क्लासेस, सराफ, साड्या, सगळं. 'अजून कायतरी' म्हणणाऱ्या मालकाला बहुतेक वेळा कमी हवं असतं, फक्त ते नक्की काय कमी करायचं हे आपल्याला शोधावं लागतं.

आधी एक मान्य करतो. ही जाहिरात कुठं चालणार हे तू लिहिलेलं नाहीस आणि माझं निम्मं म्हणणं त्यावर अवलंबून आहे. दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर फिरणार असेल तर आहे तशी चालेल, गिऱ्हाईक गादीवर चहा घेत बसलेलं असतं, त्याला घाई नसते. टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी लावणार असतील तर ६० सेकंद, मोठा पडदा, अंधार, सगळं तुझ्या बाजूचं, फक्त तिथं दाखवायला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, जाहिरातीलाही लागतं, ते लक्षात ठेव. पण मालकांनी 'व्हॉट्सॲपला टाकायला आणि इन्स्टाला' असं सांगितलं असेल, आणि १८ हजारात बहुतेक तेच असतं, तर मी खाली जे लिहितोय ते सगळं लागू. मी हेच धरून चाललोय.

आता मुद्दा. तुझ्या फिल्ममध्ये ४१व्या सेकंदाला एक शॉट आहे. कारखान्याच्या मागच्या दारात एक वयस्कर बाई, अक्काच म्हणू, चादरीच्या दशांना गाठी मारून झाल्यावर उठते, चादर दोन्ही टोकांनी धरते आणि एक झटका देते. दारातून उजेड येतोय, चादर पूर्ण उघडते, तिच्यातून रुईचे तंतू उडतात आणि त्या उजेडात दिसतात, आणि चादर खाली येईपर्यंत तिच्यावरची सगळी नक्षी एका दमात आपल्यासमोर येते. मग ती घडी घालायला लागते आणि तू कट केलास. अडीच सेकंद. या अडीच सेकंदात चादर किती जड आहे ते कळतं, किती मोठी आहे ते कळतं, हातानं कोण काम करतं ते कळतं, आणि अंगावर घ्यावीशी वाटते. भावा, जाहिरात इथं सुरू होते. याच्या आधीचे ४० सेकंद ही तुझी शोरील आहे, म्हणजे स्वतःचं कसब दाखवायची नमुन्याची फिल्म.

रागावू नकोस. त्या ४० सेकंदांत काय आहे ते सांगतो. ११ सेकंद सिद्धेश्वर तलावावरून ड्रोन, मग भुईकोट किल्ला, मग सूर्योदय, मग मागावर धोटा पळतोय त्याचा स्लो मोशन, मग धाग्यांचे क्लोजअप, मागं आवाज, 'धाग्यांच्या या विणीत गुंफलेली मायेची ऊब' वगैरे. एकेक शॉट चांगला आहे, खरंच आहे, धाग्यावर फोकस सरकवलास तो मलाही इतका सफाईनं जमत नाही. पण सोलापूरच्या माणसाला तलाव दाखवून काय सांगतोस? तो रोज तिथून जातो. आणि बाहेरच्या माणसाला तो तलाव कुठला आहे हेच माहीत नाही. ड्रोनचं आणखी एक, होटगी रोडचं विमानतळ शहराला लागून आहे, तेव्हा उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवर ड्रोनचा झोन बघत जा, आणि किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिथं व्यावसायिक शूटिंगला परवानगी लागते. तू घेतली असशील तर उत्तमच. नसशील तर मालकांच्या नावाची जाहिरात आहे, उद्या कोणी विचारलं तर ते त्यांच्या गळ्यात येतं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझ्या पहिल्या पैशाच्या जाहिरातीत मी एक्झॅक्टली हेच केलं होतं. फर्निचरचं दुकान होतं, मी धूर सोडून, मागून लाइट मारून, खुर्चीच्या हातावरून कॅमेरा असा हळूहळू नेला होता, मला वाटत होतं आता मुंबईवाले बोलावणार. मालकांनी शांतपणे पूर्ण बघितली आणि विचारलं, "दुकान कुठाय ते कुठं दिसतंय?" मला तेव्हा त्यांचा राग आला होता. नंतर कधीतरी कळलं की बघणाऱ्याचा पण तोच प्रश्न असतो.

तर मी काय करीन, झटक्याच्या शॉटनं उघडीन. काळा स्क्रीन, लोगो, फेड इन, काही नाही, थेट अक्का, थेट झटका. इन्स्टावर अंगठा थांबवायला दीड-दोन सेकंद मिळतात, आणि तुझ्याकडं त्यासाठी एवढी चांगली गोष्ट असताना ती ४१व्या सेकंदाला ठेवणं म्हणजे जेवायला बोलावून शेंगाची चटणी शेवटी वाढणं झालं. त्यानंतर मागे जा, ही चादर आली कुठून, तिथं तुझा धोटा, तुझे धागे, पण एकेक दीड सेकंद. मग परत पुढं, घरात कोणीतरी ती पांघरलेली. हा शॉट तुझ्याकडं नाहीये, एवढा एक घे. लहान पोरगं झोपलेलं, किंवा म्हातारा अंगणात बाजेवर, काहीही, पण वापर दिसू दे. मग दुकान, पत्ता. २५ सेकंदांत होतं. ६० सेकंदांची पण ठेव, दुकानातल्या टीव्हीसाठी, ती टाकून द्यायची गरज नाही.

आता रंग. इथं जरा थांबतो, कारण तू विशेष विचारलंयस आणि मला इथं सगळ्यात मोठी चूक दिसते.

तुझ्या फिल्ममधली लाल चादर लाल नाहीये. ती विटकरी आहे. आणि जवळच्या शॉटमध्ये नक्षीच गायब आहे, नुसता लाल चिखल दिसतो. ह्या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली ग्रेडिंगची, म्हणजे एडिटमध्ये रंग बसवण्याची, तू टील-ऑरेंजवाला रेडिमेड एलयूटी, म्हणजे रंग बदलणारा तयार साचा, मारलास, त्यानं सावल्या निळसर झाल्या, चेहरे छान झाले, आणि लाल नारिंगीकडं सरकला. शॉर्टफिल्मला चालतं. पण जिथं विकायची वस्तूच रंगीत कापड आहे तिथं रंग हा मूड नसतो, रंग म्हणजे माल असतो.

दुसरी चूक शूटिंगच्या वेळची. तू म्हणशील एक्सपोजर तर बरोबर होतं, हिस्टोग्राम बघितला होता. बरोबरच असणार, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत तो एकूण उजेडाचा आलेख असतो, आणि रेक ७०९, म्हणजे एचडी व्हिडिओच्या रंगांचं जे स्टँडर्ड आहे, त्याच्या हिशोबात उजेडामध्ये लालचा वाटा जेमतेम २१ टक्के, हिरव्याचा जवळजवळ ७२. म्हणजे गडद लाल कापड फ्रेमभर असलं की लाल चॅनेल एकटाच वर जाऊन आपटतो आणि हिस्टोग्राम मात्र मधेच निवांत बसलेला दिसतो. लाल आपटला की त्यातली वीण, सुरकुत्या, नक्षी सगळं सपाट, ते एडिटमध्ये परत येत नाही. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी परेड, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख, उघडून तो क्लोजअप बघ, लालची रेष वर छताला चिकटलेली दिसेल. पुढच्या वेळी लाल, मरून, राणी असे रंग असले की एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली ठेव, कॅमेऱ्याचं सॅच्युरेशन कमी कर. त्यात भर म्हणजे व्हॉट्सॲप-इन्स्टा व्हिडिओ ४:२:० मध्ये दाबतात, म्हणजे उजेडाची माहिती पूर्ण राहते पण रंगाची चौथाई उरते, तेव्हा लाल-काळ्या नक्षीच्या कडा आणखी फुटतात. म्हणून नक्षी दाखवायची तर तिरका उजेड घे, दारातून कडेनं येणारा, म्हणजे विणीला सावली पडते आणि नक्षी रंगावर नाही तर सावलीवर वाचता येते. अक्कांच्या शॉटमध्ये नेमकं हेच झालंय, चुकून झालं असेल, पण झालंय.

मी हे कुठं शिकलो ते सांगतो. लोकल केबलच्या काळात एका साडीच्या दुकानाची जाहिरात केली होती, लग्नसराईची. हॅलोजन लावले होते आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, बाहेरच्या उन्हाचा तसाच राहिला होता. राणी रंगाची भारी साडी टीव्हीवर चक्क शेंदरी दिसली. जाहिरात गाजली, हेच वाईट झालं. बायका दुकानात येऊन म्हणायला लागल्या, ती टीव्हीवरची शेंदरी दाखवा. मालकांनी मला बोलावून घेतलं, समोर ती राणी साडी उलगडली आणि म्हणाले, "माझ्याकडं नसलेल्या साडीची जाहिरात केलीस की बे." तेव्हापासून कापडाचं काम असलं की मी मालाचा एक तुकडा घरी आणतो आणि ग्रेडिंग करताना मॉनिटरशेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात ताडून बघतो. चादर एखादी मागून आण, देतील की.

स्लो मोशनचं थोडक्यात. मागाच्या शॉटमध्ये उजेड लुकलुकतोय, तू त्यावर ग्लोचा इफेक्ट टाकून झाकायचा प्रयत्न केलायस, दिसतंय. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झ, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. तू १२० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेमवर शूट केलंस, १०० आणि १२० चा मेळ बसत नाही, फरक २० चा, आणि ते २४ वर पाचपट हळू चालवलंस म्हणून पडद्यावर सेकंदाला चार वेळा लुकलुक. कॅमेऱ्यात पाल सिस्टीम (५० हर्ट्झ विजेला जुळणारी सेटिंग) निवड, मग १०० एफपीएसचा पर्याय मिळतो, शटर १/१०० ठेव, गेलं. साध्या स्पीडला २५ एफपीएस आणि शटर १/५०. आणि कारखान्यातला कुठलाही स्लो शॉट शक्यतो दाराजवळच्या मागावर घे. विणीवर ज्या लाटा-लाटा दिसतात त्या मात्र वेगळ्या, ते मॉइरे, कॅमेरा एक-दोन फूट मागं-पुढं घेतला किंवा जरा तिरका केला की बहुतेक जातात, जागेवरच झूम करून तपासायचं.

आवाज. तुझं म्युझिक हेडफोनवर भारी आहे, मोबाईलवर ते नाहीच. खालचा तो घुमणारा सूर मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला झेपत नाही, मग उरतो फक्त निवेदकाचा आवाज, आणि तो असा बोलतोय जसं काही कवितेचा कार्यक्रम आहे. मिक्स झालं की एकदा मोबाईल टेबलावर ठेवून चार फुटांवरून ऐकायचं, माझी एवढीच कसोटी. आणि निवेदनाची खरंच गरज आहे का ते बघ. आपल्याकडं दुकानात येणारं गिऱ्हाईक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, काहीही बोलणारं असतं, अक्कलकोटकडचा, इंडीकडचा, विजापूरकडचा माणूस येतो. जी जाहिरात शब्दांशिवाय कळते ती चारही भाषांत एकदम होते. मागांचा खडखडाट, मग तो थांबतो, मग चादरीचा फटका, यापेक्षा चांगला साउंडट्रॅक कुठं विकत मिळणार? आणि म्युझिक कुठून घेतलंस? नेटवरून उतरवलेलं असेल तर काढ, इन्स्टा आवाज बंद करू शकतं आणि मग मालकांना फोनवर उत्तर तू देणार.

निवेदनातल्या 'महाराष्ट्रात नंबर एक' आणि 'पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी' या दोन ओळी मालकांनी घातल्या असतील, मला अंदाज आहे. जाहिरातींसाठी एएससीआयचा, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचा, जो कोड आहे त्यात असा दावा केला तर पुरावा दाखवता यायला हवा, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दंड आहे. उगाच कशाला? त्यापेक्षा खरं आहे तेच मोठं आहे की, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली महाराष्ट्रातली पहिली वस्तू आपली चादर आहे आणि बाहेरून नकला येतात हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. फक्त जीआयचं चिन्ह लावायचं असेल तर मालक अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेत का ते आधी विचार.

आता मालकांनी सांगितलेले बदल. लोगो मोठा करा, पत्ता टाका, फोन नंबर पूर्ण वेळ खाली ठेवा. तू यावर जरा तोंड वाकडं केलंयस. लोगो पूर्ण वेळ मोठा नको, तिथं तू बरोबर. पण पत्ता आणि नंबरवर ते बरोबर आहेत. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पुढं पुढं जातो तेव्हा खालचा मजकूर सोबत जाईलच असं नाही, कधी फक्त व्हिडिओच जातो, मग ज्याला चादर आवडली त्यानं कुठं जायचं? शेवटी चार-पाच सेकंद स्थिर पाटी ठेव, दुकानाचं नाव, पेठ, जवळची खूण, नंबर. दहा आकडे वाचायला वेळ लागतो, तू दीड सेकंद दिलायस. आणि उभ्या व्हिडिओत हे सगळं अगदी खाली नको, तिथं इन्स्टाची बटणं आणि नाव येतं, मधल्या पट्ट्यात घे.

उरलेल्या नऊ हजारांचं. बदल किती वेळा करून देणार हे ठरलं नव्हतं ना? मी दोन वेळा म्हणतो, तिसऱ्यापासून पैसे, आणि फायनल फाइल पूर्ण पैसे आल्यावर, तोवर वॉटरमार्कवाली. आता तू हे मधेच काढू नकोस, वाईट दिसेल. २५ सेकंदांची नवीन एडिट घेऊन समोर जा, बसून दाखव, ती आवडली की तिथंच विषय काढ. एक मात्र लेखी घे, साधा मेसेज चालेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे, पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, करून घेणारा असतो. म्हणजे ही फिल्म त्यांची, तुझी नाही. तुझ्या कामाच्या नमुन्यात ती दाखवायला त्यांची हरकत नाही एवढं लिहून घे. आणि ती ४० सेकंदांची शोरील त्यात जरूर लाव, तिथं ती शोभते.

तेव्हा या आठवड्यात तुझं काम एवढंच, अक्कांचा झटका पहिल्यांदा, एलयूटी काढून लाल परत लाल करणं, पांघरण्याचा एक शॉट, आणि पाटी. बाकी पुढच्या कामाला.

आणि हो, एक विचारायचं राहिलं. अक्कांना पैसे दिलेस का? गाठी मारायचं काम नगावर असतं, तू पाच-सहा टेक घेतले असशील, तेवढ्या वेळात तिच्या किती चादरी राहिल्या ते मोज. दिले नसशील तर जाऊन दे, तिच्याकडून जाहिरातीत दिसायला हरकत नाही असंही लिहून घे, घरच्या भाषेत समजावून सांग आधी. आणि जाताना रेकॉर्डर घेऊन जा. सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, त्याच दारात तिला परत दोन-चार झटके द्यायला लाव, माइक चादरीच्या खालच्या कडेपासून हातभर लांब धर. तुझ्याकडं आत्ता जो आवाज आहे तो मागांच्या खडखडाटात बुडालाय, आणि त्या शॉटला तो फटका कोरडा, एकटा ऐकू यायला हवा.